डावं मशीन, उजवं मशीन

आमच्या चिखलीच्या घरात दोन कॉम्प्युटर आले तेव्हा सगळ्यांत मोठा विरोध माझ्या सासऱ्यांचा होता. पुढे त्या कॉम्प्युटरांचं सगळ्यांत जास्त वेड लागलं तेही त्यांनाच. मधल्या काळात जे झालं ते आमच्या घरात आजही प्रत्येकाकडून वेगळं ऐकायला मिळतं. मी ती खोली रोज झाडत होते आणि त्या दोन्ही मशीनवर रोज काम करत होते, म्हणून माझं खरं धरायला हरकत नाही.

मी अमडापूरची. लग्नाआधी मराठी आणि इंग्रजी टायपिंगच्या परीक्षा दिल्या होत्या. चिखलीला सून म्हणून आले तेव्हा सासऱ्यांनी, म्हणजे मामाजींनी, रस्त्याकडची पुढची खोली मला टायपिंग क्लाससाठी काढून दिली. ते हायस्कुलात गणित आणि विज्ञान शिकवून नुकतेच निवृत्त झाले होते. टायपिंगच्या खटखटाटात त्यांना बरं वाटायचं. पोरं काहीतरी करून राहिली आहेत हे आतल्या खोलीत बसून ऐकू येतं, असं ते म्हणत. मग काळ बदलला, लग्नपत्रिकासुद्धा लोक कॉम्प्युटरवर करून मागू लागले, आणि माझ्या नवऱ्याने अकोल्याहून एकाच दुकानातून, एकाच दिवशी, एकाच बनावटीचे दोन कॉम्प्युटर आणले. टायपिंगची मशीनं मागच्या ओसरीत गेली. मामाजी चार दिवस पुढच्या खोलीत आले नाहीत.

मला एक धाकटे दीर. बारावीत गणितात दोनदा नापास झालेले. गणिताच्या मास्तरचा मुलगा गणितात नापास, यापेक्षा मोठी गोष्ट चिखलीत त्या वर्षी घडली नसावी, कारण बाजारात कुणीही मामाजींना भेटलं की आधी तेच विचारायचं. भाऊजींनी मग अकोल्याला जाऊन कॉम्प्युटर दुरुस्तीचा कोर्स केला. मामाजी त्याला कोर्स म्हणत नसत. "तो अकोल्याले जाऊन राह्यला," एवढंच म्हणत. कशाला ते सांगत नसत. बापलेकांचं बोलणं फार तर जेवणापुरतं होतं, आणि तेही आत्याबाईंच्या मार्फत. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. "त्याले इचार, पोळी पाह्यजे का," असं मामाजी समोर बसलेल्या मुलाबद्दल विचारायचे.

कोर्स संपवून भाऊजी घरी आले आणि तिसऱ्याच दिवशी त्यांनी उजव्या बाजूच्या कॉम्प्युटरचं झाकण काढलं. मी नको नको म्हणत होते.

"वहिनी, दोनच मिनिटं," ते म्हणाले. आतल्या हिरव्या पाटीवर, म्हणजे मदरबोर्डवर, त्यांनी चिमट्याने तुरीच्या दाण्याएवढी एक काळी टोपी एका जागेवरून उपटली आणि पलीकडच्या धातूच्या काट्यांवर बसवली. झाकण लावलं, मशीन चालू केलं. "झालं. आता हे डाव्यापेक्षा फास्ट झालं."

"काही बिघडलं तर?"

"कंपनी थोडी जागा सोडूनच देते ना वहिनी. आपण ती वापरून राह्यलो."

मला खरंच ते मशीन जरा चपळ वाटू लागलं. पत्रिकेवरचा गणपती डाव्या मशीनवर हळूहळू, आधी सोंड मग पोट असा उमटायचा. उजव्यावर तो पटकन बसायचा. मी कौतुकाने हे जेवताना सांगितलं आणि तिथेच चूक झाली.

मामाजींनी घास खाली ठेवला. "म्हणजे किती फास्ट?"

भाऊजी म्हणाले, "बराच."

"बराच हे माप कुठल्या पुस्तकात आहे, त्याले इचार."

आत्याबाईंनी इमानदारीत विचारलं, "कुठल्या पुस्तकात आहे रे?"

भाऊजींना राग आला. ते पहिल्यांदाच बापाकडे पाहून थेट बोलले. "मोजून घ्या ना तुमीच. दोन मशीनं आहेत. एक कंपनीनं देल्लं तसं, एक मी वाढवलेलं. मोजा."

"मोजतो," मामाजी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामाजी पुढच्या खोलीत आले ते प्रॅक्टिकलची कोरी वही, दोन रंगांची पेनं आणि शाळेच्या क्रीडास्पर्धांत वापरलेलं स्वतःचं स्टॉपवॉच घेऊन. वहीच्या पहिल्या पानावर त्यांनी आखून लिहिलं होतं. उद्देश, साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान. साहित्यात "दोन संगणक, एक स्टॉपवॉच, एक धाकटा मुलगा" असं होतं. ते त्यांनी विनोद म्हणून लिहिलं होतं की कसं, हे मी आजपर्यंत विचारलेलं नाही.

पहिला प्रश्न आला की मोजायचं काय. गणपती किती वेळात उमटतो ते मोजू, असं मी म्हटलं. ते मामाजींना पटलं नाही. मशीनला असं काम द्यायचं की ज्यात ते घाम गाळेल आणि उत्तर बरोबर की चूक हे आपल्याला सांगता येईल. त्यांनी थोडा विचार केला आणि मूळ संख्या काढायचं ठरवलं. म्हणजे ज्या संख्येला एक आणि ती स्वतः सोडून कशानेच पूर्ण भाग जात नाही अशा संख्या. एकपासून एक लाखापर्यंतच्या सगळ्या.

भाऊजींनी त्याचा प्रोग्रॅम लिहायला घेतला. लिहिताना ते म्हणाले, "याच्यात शॉर्टकट आहे. सगळ्या संख्यांनी भागायची गरज नाही."

"शॉर्टकट नाही," मामाजी म्हणाले. "प्रत्येक संख्येले तिच्या आधीच्या दर एका संख्येनं भागून पाह्यचं. भाग गेला की सोडायचं, नाही गेला की पुढं. आपल्याले त्याले दमवायचं आहे."

भाऊजींनी मान हलवली आणि तसं लिहिलं. मी शेजारच्या टेबलावर एका मुंजीची पत्रिका करत होते. माझ्या लक्षात आलं की आत्याबाई खोलीत नाहीत आणि तरी बापलेक बोलत आहेत. मी मान वर केली नाही.

पहिली चाचणी दोन्ही मशीनं कंपनीच्या ठेवणीवर ठेवून घ्यायची, असं मामाजींनी फर्मावलं. भाऊजींना ते पटेना.

"दोन्ही सारखेच आहेत ना बाबा. एकाच दुकानचे."

"जुळे भाऊही एकाच घरचे असतात. एक जास्त पळतो."

म्हणून भाऊजींनी ती काळी टोपी पुन्हा जुन्या जागी बसवली. मामाजींनी हात वर केला, शिट्टी वाजवायच्या बेतात होते पण शिट्टी नव्हती, म्हणून त्यांनी तोंडाने "पळा" म्हटलं आणि भाऊजींनी आणि मी दोन मशीनवर एकदम बटण दाबलं. सहा मिनिटं झाली असतील, वीज गेली. मामाजींनी वहीत निरीक्षणाखाली लिहिलं, "वीज गेली." दुपारी पुन्हा सुरू केलं, पुन्हा गेली. त्यांनी पुन्हा लिहिलं. ती वही उघडली तर निरीक्षणाच्या पहिल्या दोन पानांवर तेवढंच एक वाक्य पाच वेळा आहे, दर वेळी पुढे वेळ लिहून.

सहाव्या खेपेला काम पूर्ण झालं. डाव्या मशीनला अकरा मिनिटं आणि काही सेकंद लागले, उजव्याला दोनच सेकंद कमी. दोघांच्याही पडद्यावर एकच आकडा आला. लाखापर्यंत मूळ संख्या नऊ हजार पाचशे ब्याण्णव. मामाजींनी दोन्ही पडदे तीनतीनदा वाचले आणि पहिल्यांदाच कॉम्प्युटरच्या डोक्यावर हात ठेवला, परीक्षेत पहिल्या आलेल्या पोराच्या डोक्यावर ठेवावा तसा.

"आता तुझी टोपी लाव," ते भाऊजींना म्हणाले. मग थांबून, "पण ती टोपी करते काय, हे मले आधी समजलं पाह्यजे."

भाऊजी गोंधळले. त्यांना आजवर कुणी असं विचारलं नव्हतं, आणि बापाने तर नाहीच. ते डोकं खाजवत म्हणाले, "बाबा, तुमच्या शाळेत लेझीम बसवायचे ना. हलगीवाला ठोके देतो, पोरं त्या ठोक्यावर पाय टाकतात. बोर्डावर तसाच एक ठोका असतो. सगळं मशीन त्याच्यावर चालते. मी ठोका वाढवला. मशीन तेच, पोरं तेच, पाय लवकर पडतात."

"अन् ठोका फारच वाढवला तं?"

"तं एखादं पोरगं अडखळते. मशीन हँग होते."

मामाजींनी हे सगळं लिहून घेतलं. मुलगा सांगतो आहे आणि बाप लिहून घेतो आहे, असं मी पाहिलं. आत्याबाई ज्वारी निवडायला सूप घेऊन दारात येऊन बसल्या होत्या. त्यांनीही पाहिलं. त्या दिवशी संध्याकाळी त्यांनी भाऊजींच्या आवडीचं पिठलं केलं, मिरच्या मोजून न घालता.

त्या टोपीला तीन जागा होत्या. पहिली कंपनीची, दुसरी मधली, तिसरी सगळ्यांत वेगाची. आधी भाऊजींनी महिनाभर तिसरीच ठेवली होती, म्हणून चाचणीही तिसऱ्याच जागेवर घ्यायचं ठरलं. एप्रिल संपत आला होता. खोलीवर पत्रे होते, आणि चिखलीच्या उन्हाळ्यात पत्र्याखाली दुपारी दोन वाजता माणसाची काय गत होते हे तिथे राहिलेल्याला सांगायला नको. मामाजी बनियनवर होते. पंखा बंद ठेवला होता, कारण वहीची पानं उडत होती.

"पळा," मामाजी म्हणाले.

उजवं मशीन खरंच पळालं. डाव्याच्या जवळजवळ दोन मिनिटं आधी त्याने काम संपवलं. भाऊजींनी मांडीवर थाप मारली. ते बापाकडे पाहून हसले आणि मामाजींनीही मान डोलावली. मग त्यांनी चष्मा पुसून पडदा वाचला.

"नऊ हजार पाचशे त्र्याण्णव," ते म्हणाले.

भाऊजी म्हणाले, "हाव ना."

"मघाशी ब्याण्णव होत्या."

थोड्या वेळाने डाव्या मशीनचंही संपलं. त्याच्यावर ब्याण्णव.

"एक जास्तीची सापडली," मामाजी सावकाश म्हणाले. "जी आजवर कोणालेच सापडली नव्हती, ती आपल्या चिखलीत सापडली."

भाऊजींचा चेहरा उतरला. ते म्हणाले, "कॉम्प्युटरलेच सांगतो ना, दोन्ही याद्या ताडून पाह्य म्हणून. एका मिनिटात सांगन."

"ज्याच्यावर आरोप आहे त्यालेच पंच करता का? छापून काढ."

दोन्ही मशीनच्या याद्या छापायला घेतल्या. आमचा प्रिंटर जुना, सुयांचा, दर ओळीला किरकिर करणारा. एका पानावर सहाशे संख्या, सोळा पानं एका यादीची, सोळा दुसरीची. संध्याकाळपर्यंत त्याची किरकिर चालू होती. शेजारच्या काकू भिंतीवरून विचारून गेल्या की एवढ्या पत्रिका कुणाच्या लग्नाच्या आहेत.

मामाजी पहिल्या पानापासून एकेक संख्या ताडायला बसले. एक यादी त्यांच्या हातात, दुसरी आत्याबाईंच्या. आत्याबाई सूप बाजूला ठेवून वाचू लागल्या. "दोन, तीन, पाच, सात." अर्ध्या पानानंतर त्या म्हणाल्या, "मले याच्यापेक्षा ज्वारी बरी. तिच्यातला खडा डोळ्याले तरी दिसते."

तेव्हा भाऊजी म्हणाले, "बाबा, सगळ्या वाचायची गरज नाही. प्रत्येक पानावरची शेवटची संख्या पाहा. जिथपर्यंत जास्तीची नाही तिथपर्यंत दोन्ही याद्यांत शेवटची एकच असन. जास्तीची आली की तिथून पुढं सगळं एका घरानं सरकन."

मामाजी त्यांच्याकडे बघत राहिले. हे त्यांना स्वतःला सुचायला हवं होतं, हे त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. "बरोबर," ते म्हणाले. आमच्या घरात तो शब्द भाऊजींच्या वाट्याला फारसा आलेला नव्हता.

दहा पानं जुळली. अकराव्या पानाची शेवटची संख्या वेगळी निघाली. मग त्या एकाच पानावर चौघं वाकलो. मीच बोट ठेवलं त्यावर, आणि हे घरात कुणी सांगत नाही. त्रेसष्ट हजार एक. उजव्याच्या यादीत होती, डाव्याच्या नव्हती.

मामाजींनी ती संख्या वहीत लिहिली, तिच्याकडे पाहिलं आणि हसायला लागले. मी त्यांना तोवर असं हसताना पाहिलं नव्हतं. बनियन पोटावर हलत होता. आत्याबाई घाबरून पाणी आणायला उठल्या.

"अरे, हा तं वर्ग आहे," ते म्हणाले. "दोनशे एक्कावन गुणिले दोनशे एक्कावन. याले एकाच संख्येनं भाग जाते, अन् नेमका तिथंच तुझ्या लेझमीतला पोरगा अडखळला."

भाऊजींनी डाव्या मशीनवर गुणाकार करून पाहिला. त्रेसष्ट हजार एकच आले. एवढ्या कोट्यवधी भागाकारांत एकच चुकला होता, आणि तो अशा माणसासमोर चुकला होता ज्याला तीनशेपर्यंतचे वर्ग पाठ होते.

तीच चाचणी मामाजींनी त्याच जागेवर पुन्हा घ्यायला लावली. या वेळी मशीन निम्म्यातच निळा पडदा दाखवून गप्प झालं. तिसऱ्यांदा घेतली तर उत्तर अगदी बरोबर, ब्याण्णव. हे मात्र मामाजींना आवडलं नाही.

"नेहमी चुकला असता तं समजलं असतं," ते म्हणाले. "हा कधी चुकते, कधी नाही. अशाच्या हातचा हिशोब कोण धरन?"

त्या वाक्यासरशी मी हातातला कागद खाली ठेवला. कारण महिनाभर मी त्याच उजव्या मशीनवर एका शाळेचा वार्षिक निकाल तयार केला होता. पाचवी ते नववी, सगळ्या वर्गांचे गुण, बेरजा, टक्के, नंबर. छापील तक्ते शाळेत पोचले होते आणि निकाल लागायला तीन दिवस होते.

मी हे सांगितलं तेव्हा भाऊजी म्हणाले की कोट्यवधी कामांत एखादी चूक, ती नेमकी त्यातच कशाला असेल. मामाजी आत गेले, सदरा घालून बाहेर आले आणि म्हणाले, "तक्त्यांच्या प्रती कुठं आहेत?"

दुसरा दिवस रविवार होता. आम्ही सगळे, माझा नवरा धरून, पुढच्या खोलीत सतरंजीवर बसलो आणि एका शाळेच्या साऱ्या पोरांच्या बेरजा हाताने केल्या. मामाजींनी चौघांना वर्ग वाटून दिले. आत्याबाईंना आठवी आली. त्या बोटांच्या पेरांवर करत होत्या आणि सगळ्यांत आधी त्यांचंच झालं. नवरा मधेमधे उठून माठाजवळ जाई, तर मामाजी म्हणत, "परीक्षेत तीनदा पाण्याले सोडत नाहीत." संध्याकाळी चार वाजता काम आटोपलं. मशीनची एकही बेरीज चुकलेली नव्हती. एकही टक्का चुकलेला नव्हता.

मग मामाजी म्हणाले की शाळेकडून आलेल्या हस्तलिखित गुणांशीही ताडून घेऊ, आता बसलोच आहोत. मला ते नको होतं. का नको होतं ते लवकरच दिसलं. सहा चुका निघाल्या, आणि सहाही माझ्या टायपिंगच्या. सातवीतल्या एका मुलीचे गणितातले चौऱ्यांशी गुण मी अठ्ठेचाळीस टाईप केले होते. वर्गात दुसरी आलेली पोरगी माझ्यामुळे नवव्या नंबरावर गेली होती.

भाऊजींनी तो कागद हातात धरला, माझ्याकडे पाहिलं आणि अतिशय नम्रपणे विचारलं, "वहिनी, तुमचा ठोका कोणी वाढवला?"

माझा नवरा इतका हसला की त्याला ठसका लागला. मी रागाने आत निघून गेले. थोड्या वेळाने आत्याबाई मागून आल्या आणि म्हणाल्या, "काऊन रडून राह्यली? ती पोरगी वाचली ना." मी रडत नव्हते, कांदा चिरत होते, पण त्यांना ते सांगितलं नाही. सोमवारी सकाळी मी स्वतः दुरुस्त तक्ते घेऊन शाळेत गेले. मुख्याध्यापकांनी विचारलं, चुका कशा सापडल्या. मी म्हटलं, आमच्याकडे पडताळणी करायची पद्धत आहे. ते फार खूश झाले, आणि पुढे त्यांनी दुसऱ्या दोन शाळांना आमचंच नाव सांगितलं.

उजव्या मशीनची टोपी भाऊजींनी मधल्या जागेवर बसवली. तिथे ते डाव्यापेक्षा मिनिटभर लवकर काम करायचं आणि मामाजींनी सलग सात दिवस घेतलेल्या सात चाचण्यांत एकदाही चुकलं नाही. माझ्या दृष्टीने विषय संपला होता. मामाजींच्या दृष्टीने तो आता कुठे सुरू झाला होता.

त्यांच्या मनात एकच किडा वळवळत होता. तिसऱ्या जागेवर मशीन का चुकतं? भाऊजींनी सांगितलं की उष्णतेने. मग एका दुपारी मी बाजारातून आले तर आत्याबाई ओट्यावर पदराने वारा घेत बसलेल्या आणि आतल्या खोलीतला वाळ्याचा कूलर गायब. तो पुढच्या खोलीत, उजव्या मशीनच्या उघड्या पोटाकडे तोंड करून चालू होता. बापलेक त्याच्या दोन बाजूंना बसून पडद्याकडे बघत होते.

आत्याबाई म्हणाल्या, "घरातली माणसं घामानं भिजून राह्यली अन् डब्याले हवा घालून राह्यले. आता दोघंही बिघडले. पह्यले एकच होता."

कूलरमुळे मशीन तिसऱ्या जागेवर एकदा बरोबर चाललं. पण खोलीत इतका ओलावा झाला की प्रिंटरचा कागद फुगून आत अडकला, आणि दुसऱ्या दिवशी द्यायच्या एका साखरपुड्याच्या पत्रिकांवर नवऱ्या मुलीच्या वडिलांचं नाव फुटून पसरलं. मी कूलर उचलून आत नेला. बापलेकांनी विरोध केला नाही. माझा चेहरा पाहिला असावा.

मामाजींनी मग वाट पाहिली. पावसाळा गेला, दिवाळी गेली. डिसेंबरात एका सकाळी, चिखलीत अंगावर दोन सदरे घालावे लागतात अशा थंडीत, सात वाजता मला पुढच्या खोलीतून आवाज आला, "पळा." मी चहा ठेवायचा सोडून गेले. मामाजी कानटोपी आणि मफलर घालून बसलेले, भाऊजी चादर पांघरून. उजव्या मशीनची टोपी तिसऱ्या जागेवर. खिडक्या सताड उघड्या.

नऊ मिनिटं आणि काही सेकंदांत काम झालं. ब्याण्णव. पुन्हा घेतलं. ब्याण्णव. तिसऱ्यांदाही तेच. मामाजींनी वहीत अनुमान लिहिलं आणि मला वाचून दाखवलं. "सदर संगणक हिवाळ्यात अत्यंत वेगवान व विश्वासू, उन्हाळ्यात वेगवान परंतु खोटारडा. यास्तव ऋतुमानाप्रमाणे चालवावा." त्याखाली त्यांनी सही केली आणि वही भाऊजींपुढे सरकवली. "तूही कर. प्रयोग तुझा आहे."

भाऊजींनी सही केली. सही त्यांनी दोनदा गिरवली; पेन थंडीने उमटत नव्हतं, असं ते म्हणतात.

पुढच्या वर्षी भाऊजींनी एस.टी. स्टँडच्या रस्त्यावर दुरुस्तीचं दुकान टाकलं. उद्घाटनाच्या दिवशी मामाजी सकाळीच जाऊन खुर्चीवर बसले होते. मी आणि आत्याबाई नारळ, पेढे घेऊन पोचलो, तोवर पहिलं गिऱ्हाईक आलंही होतं. थेट वरवट बकालहून आख्खा कॉम्प्युटर पोत्यात बांधून, दोन गाड्या बदलून आलेला मोठा शेतकरी. मुलासाठी घेतला होता आणि चार दिवसांपासून तो सुरू होऊन बंद पडत होता.

"कोणी याची टोपी हलवली होती का?" मामाजींनी कडक आवाजात विचारलं.

त्या गृहस्थांनी गोंधळून स्वतःच्या डोक्यावर हात नेला.

भाऊजींनी झाकण काढलं. आत, पंख्याच्या पात्यांना लागून, कुंभारीण माशीने चिखलाचं घर बांधलं होतं, छान गोलसर, लिंपून घेतलेलं. मामाजींनी माझ्याकडे केसातली पिन मागितली, चष्मा नाकावर खाली ओढला आणि ते घर एवढ्या जपून कोरून काढलं की भाऊजी शेजारी नुसते उभे राहिले. पंखा फिरला, मशीन सुरू झालं आणि बंद पडलं नाही. आत्याबाईंनी त्या शेतकऱ्याच्या हातावर पेढा ठेवला. मामाजींनी त्यांना खुर्ची दिली आणि त्यांच्याकडे हात करून मला म्हणाले, "चहा सांग. अन् यायले इचार, यायच्या खोलीवर पत्रे आहेत का स्लॅब."